मासा हलाल आहे, पण त्याचे नाव खरे आहे का?

मटणाच्या दुकानात गेलो की आपण काही प्रश्न न चुकता विचारतो. जनावर कुणी जबह केले, बिस्मिल्लाह म्हटले की नाही, माल आजचा आहे की कालचा? अनोळखी गावी गेलो तर दोन माणसांकडे चौकशी करूनच दुकान निवडतो. हॉटेलात बसलो तरी आधी मालकाला विचारतो, मग ताट मागवतो. ही सवय चांगली आहे, आणि ती आपल्या आईवडिलांनी आपल्याला लावली आहे.

मासळीच्या पाटीसमोर मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, "काय भाव?"

याचे कारण उघड आहे. मासा जबह न करता हलाल आहे. ही सवलत स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे आणि समुद्रातली शिकार हलाल असल्याचे कुरआनात सूरह माइदामध्ये आले आहे. त्यामुळे मासा म्हटला की आपल्या मनातला पहारेकरी झोपी जातो. हलाल-हरामचा प्रश्न सुटला, आता विचारायचे काय, असे वाटते.

पण खाण्याच्या बाबतीत कुरआनाने दोन शब्द बरोबर वापरले आहेत, हलाल आणि तय्यिब. तय्यिब म्हणजे पाक, स्वच्छ, शरीराला मानवणारे. माशाच्या बाबतीत पहिला शब्द सोपा झाला आहे, दुसरा नाही. पाटीत पडलेला मासा खरोखर कोणता, तो कुठल्या पाण्यातला, पाण्याबाहेर येऊन त्याला किती दिवस झाले आणि तो टिकावा म्हणून त्यावर काय ओतले, हे प्रश्न तय्यिबचे आहेत. ते आपण विचारत नाही, आणि नेमका याचाच फायदा बाजारात घेतला जातो. या लेखात आम्ही तेच प्रश्न एकेक करून घेतले आहेत.

चिखलीत मासा येतो कुठून?

आमचे चिखली समुद्रापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. आपल्या ओळखीचा मासा म्हणजे धरणाचा आणि नदीचा. देऊळगाव राजा तालुक्यातला खडकपूर्णा प्रकल्प, मेहकर तालुक्यातला पैनगंगेवरचा पेनटाकळी प्रकल्प आणि आसपासचे लहानमोठे तलाव, यांतून कटला, रोहू, मृगळ, मरळ आणि वाम बाजारात येतात. भोई बांधव पिढ्यानपिढ्या हा व्यवसाय करत आले आहेत. त्यांच्याकडे सकाळी धरलेला मासा दुपारपर्यंत संपतो. हे मासे आपल्या आजीलाही ओळखता येत होते, त्यामुळे फसगत कमी होती.

अलीकडे चित्र बदलले आहे. बर्फाच्या पेट्यांतून मुंबईकडचा, आंध्र प्रदेशचा, कुठला कुठला मासा येतो. बांगडा, सुरमई, पापलेट ही नावे आठवडी बाजारात सर्रास ऐकू येतात. आमच्या आठवीच्या वर्गात मुलामुलींना आम्ही घरी आणलेल्या माशांची नावे लिहायला सांगितली, तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत "पापलेट" हा शब्द होता. भाव विचारला तर काहींनी सांगितलेला भाव कटल्याच्या भावाच्या जवळपास होता. खरे पापलेट त्या भावात मुंबईच्या बंदरावरही मिळत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसाला मासा डोळ्यांनी ओळखता येतो. आपल्याकडे मात्र विक्रेत्याने सांगितलेले नाव हाच एक आधार आहे. म्हणून आपल्यासाठी नावाची फसवणूक किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा जास्त महाग पडते.

पापलेट, रूपचंद आणि बासा

आपल्याकडे "पापलेट" म्हणून जो मासा स्वस्तात मिळतो, तो बहुतेक वेळा रूपचंद असतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला, गोड्या पाण्यात वाढणारा मासा. आता तो आपल्या देशात तळ्यांत पाळला जातो. आकार पापलेटसारखा गोलसर चपटा असल्यामुळे गिऱ्हाईक फसते. ओळखायची खूण सोपी आहे. रूपचंदचे तोंड उघडून पाहावे, आत माणसाच्या दातांसारखे सपाट, मजबूत दात दिसतात. शिवाय पाठीवर शेपटीच्या जवळ एक लहानसा मांसल पर असतो. खऱ्या पापलेटला तसे दात नसतात आणि तो परही नसतो. पापलेटचे अंग चांदीसारखे चकचकीत असते आणि शेपटी खोल दुभंगलेली असते. याच रूपेरी पापलेटला महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केले.

रूपचंद खाण्यात गैर काही नाही. तो ताजा असेल तर खुशाल खावा. गैर आहे ते पापलेटचे नाव सांगून पापलेटचे पैसे घेणे.

हॉटेलांत आणि लग्नाच्या जेवणात दुसरा प्रकार चालतो. तिथे मासा अखंड दिसतच नाही, कातडी काढलेले पांढरे तुकडे मसाल्यात घोळवून येतात. बासा हा स्वस्त, पाळीव मासा. व्हिएतनाममध्ये त्याचा मोठा व्यवसाय आहे आणि आपल्याकडे आंध्रातही त्याच जातीचा मासा मोठ्या प्रमाणात होतो. त्याला काटा नाही, वास नाही, म्हणून तो सुरमई किंवा रावस या नावाने सहज खपतो. कातडी आणि डोके गेले की जाणकारालाही मासा ओळखता येत नाही.

हा रोग फक्त आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत ओशियाना या संस्थेने देशभरातून माशांचे १,२१५ नमुने घेऊन त्यांची डीएनए तपासणी केली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. तपासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माशांवर चुकीचे नाव होते. कडक कायदे आणि प्रयोगशाळा असलेल्या देशात ही स्थिती, तर आठवडी बाजारात काय असेल, याचा अंदाज आपणच करावा.

बंदी असलेला मागूर

नावाच्या फसवणुकीत सर्वांत वाईट उदाहरण मागूरचे आहे. आपला देशी मागूर हा जुना, गुणकारी मानला गेलेला मासा. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला त्याचा रस्सा देण्याची पद्धत अनेक भागांत आहे. पण देशी मागूरच्या नावावर आफ्रिकन मागूर विकला जातो. बाजारात त्याला थाई मागूर किंवा हायब्रीड मागूर असेही म्हणतात. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही यात लक्ष घातले आणि आपल्या राज्यात मत्स्यव्यवसाय विभागाने अनेक ठिकाणी तळी उकरून, गाड्या पकडून हा मासा टनांनी नष्ट केला. तरी चोरून पालन सुरूच राहते, कारण हा मासा झपाट्याने वाढतो आणि अत्यंत घाण पाण्यातही जगतो.

बंदीची कारणे समजून घेतली पाहिजेत. एक, हा मासा अतिशय खादाड आहे. पुराच्या पाण्याबरोबर नदीत गेला तर तिथले देशी मासे फस्त करतो, म्हणजे भोई बांधवांच्या पोटावरच पाय येतो. दोन, अनेक ठिकाणी त्याला कत्तलखान्यातली घाण, मेलेल्या कोंबड्या, सडलेले मांस खाऊ घातले जाते, आणि त्या घाणीत वाढलेला मासा आपल्या ताटात येतो.

आपल्या फिकहमध्ये "जल्लाला" असा एक शब्द आहे. ज्या जनावराचे मुख्य खाणेच घाण असते, त्याला जल्लाला म्हणतात, आणि त्याचे मांस व दूध वापरण्यास हदीसमध्ये मनाई आली आहे. म्हणूनच उकिरड्यावर फिरणारी कोंबडी काही दिवस बांधून, स्वच्छ दाणा घालून मग जबह करण्याची पद्धत जुन्या घरांत होती. माशाला हा नियम कसा आणि किती लागू होतो, हे आपल्या गावातल्या आलिमांना जरूर विचारावे. आम्ही फतवा देणारे नाही. पण मेलेल्या कोंबड्यांवर वाढलेल्या माशाला तय्यिब म्हणायला कुणाची जीभ वळेल, असे आम्हाला वाटत नाही.

ओळख अशी. देशी मागूर लहान असतो, साधारण वीतभर किंवा थोडा मोठा. दोन-तीन किलोचा, अंगावर ठिपक्यांची संगमरवरी नक्षी असलेला मागूर कुणी "देशी" म्हणून दाखवत असेल, तर घेऊ नये.

नाव चुकले आणि जीव गेला

आतापर्यंत सांगितलेल्या फसवणुकीत पैसा जातो, स्वच्छता जाते. पण नाव चुकल्यामुळे जीव गेल्याचीही उदाहरणे आहेत.

आपल्या कोकणात केंड नावाचा मासा मिळतो. धोका वाटला की तो चेंडूसारखा फुगतो. कोळी बांधव तो जाळ्यात आला तर वैतागून फेकून देतात, कारण तो जाळी कुरतडतो आणि त्याच्या अनेक जातींच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे भयंकर विष असते. यकृतात आणि अंड्यांत ते सर्वांत जास्त असते. हे विष उकळून, तळून किंवा मीठ-हळद लावून नष्ट होत नाही. त्यावर उतारा नाही. ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास बंद होतो. जपानमध्ये हा मासा खातात, पण तो साफ करण्यासाठी आचाऱ्याला खास परवाना लागतो.

बांगलादेशात २००८ मध्ये जे घडले, ते आपण नीट ऐकले पाहिजे. त्या वर्षी नरसिंदी, नाटोर आणि ढाका इथे फुगणारा समुद्री मासा स्वस्तात विकला गेला. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या लोकांना तो विषारी असल्याची कल्पना नव्हती. भाव कमी आणि मासा मोठा, म्हणून गरीब कुटुंबांनी घरी नेला. अनेक घरांत एकाच वेळी माणसे आजारी पडली आणि डझनाहून अधिक जण दगावले. किनाऱ्यावरच्या माणसाने जो मासा हातातही धरला नसता, तो आतल्या गावात ताटात वाढला गेला. चिखलीसारख्या गावासाठी यातला धडा वेगळा सांगायला नको.

दुसरी घटना अमेरिकेतली, २००७ ची. शिकागो भागात आयात केलेल्या गोठवलेल्या माशाचे सूप खाऊन दोन माणसे आजारी पडली. खोक्यावर "मंकफिश" या दुसऱ्याच माशाचे नाव होते. तपासात आत केंडच्या जातीचा मासा असल्याचे दिसले आणि तिथल्या अन्न प्रशासनाने ग्राहकांना जाहीर इशारा दिला. या प्रकरणात नावाची चिठ्ठी चुकली आणि विष स्वयंपाकघरात शिरले.

बर्फ तुटला की

केंड आपल्या बाजारात क्वचितच येईल. पण आणखी एक विष आहे, ते रोजच्या बांगड्यातही तयार होऊ शकते. बांगडा, तारली, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पाण्याबाहेर आल्यावर ताबडतोब बर्फात गेला नाही, किंवा वाटेत बर्फ वितळला, की जिवाणू या घटकाचे रूपांतर हिस्टामीनमध्ये करतात. एकदा हिस्टामीन तयार झाले की पुन्हा बर्फात ठेवा, तळा, उकळा, ते जात नाही. मासा दिसायला आणि वासाला फारसा वाईट नसतानाही त्यात ते असू शकते.

असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, छातीत धडधडते. कधीकधी खातानाच जिभेला मिरीसारखे चरचरते. बहुतेक लोक काही तासांत बरे होतात, पण दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला ते जड जाऊ शकते.

आपल्या घरांत अशा वेळी काय होते? कुणीतरी विचारते, "मछली के ऊपर दूध पिया था क्या?" आणि सगळा दोष दुधावर जातो. मासा आणि दूध एकत्र आल्याने कोड फुटते किंवा विषबाधा होते, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. पण या समजुतीमुळे खरा गुन्हेगार, म्हणजे वाटेत उन्हात राहिलेला मासा, कायम सुटतो. चारशे किलोमीटरच्या प्रवासात बर्फाची पेटी किती वेळा उघडली, एप्रिल-मे महिन्यात ती गाडी कुठे थांबली, हे कुणी विचारत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच पाटीवरून आपण पुन्हा बांगडा घेतो.

फॉर्मेलिनचा गोंधळ

मासा टिकवण्यासाठी बर्फ महाग पडतो, म्हणून काही ठिकाणी फॉर्मेलिनचा वापर होतो. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड या वायूचे पाण्यातले द्रावण. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत बेडूक आणि साप ठेवलेले असतात, ते याच द्रावणात. शवागारातही तेच वापरतात. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. अन्नात ते घालायला आपल्या देशात परवानगी नाही.

जून २०१८ मध्ये केरळ सरकारने "सागर राणी" मोहिमेत सीमेवरच्या नाक्यांवर फॉर्मेलिन लावलेला हजारो किलो मासा पकडला. पुढच्याच महिन्यात, १२ जुलैला गोव्यात मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अधिकाऱ्यांनी गाड्या तपासल्या. जागेवरच्या तपासणीत फॉर्मेलिन असल्याचे दिसले, पण नंतर प्रयोगशाळेतून प्रमाण नैसर्गिक मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. काही माशांत मेल्यानंतर थोडे फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते, हे खरे आहे. पण दोन वेगळ्या निकालांमुळे लोकांचा विश्वास उडाला. सरकारला काही दिवस परराज्यातली मासळी बंद करावी लागली आणि पुढे बाहेरून येणाऱ्या गाड्यांना थंड राखणारी पेटी व नोंदणी सक्तीची करावी लागली. याचा फटका आपल्या सिंधुदुर्गातल्या प्रामाणिक विक्रेत्यांनाही बसला. थोड्या जणांच्या लबाडीची किंमत सगळ्या बाजाराने मोजली.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन ओळखण्यासाठी कागदी पट्टीची तपासणी तयार केली आहे. माशावर पट्टी घासून तिच्यावर रसायनाचा थेंब टाकला की काही मिनिटांत रंग बदलून निकाल कळतो. नगरपालिकेने किंवा एखाद्या ग्राहक मंडळाने अशा पट्ट्या आणून बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवली, तर फार मोठा खर्च नाही. "माशी बसत नाही म्हणजे औषध मारलेले आहे" किंवा "कल्ले लाल आहेत म्हणजे ताजा आहे" या खुणांवर एकट्यावर विसंबू नये. कल्ल्यांना रंगही लावता येतो.

नदीत टाकलेले विष

दूरच्या माशाचे इतके सांगितल्यावर जवळच्या माशाबद्दलही बोलले पाहिजे. उन्हाळ्यात नदीचे डोह आटत आले की काही लोक पाण्यात शेतीचे कीटकनाशक टाकतात. थोड्याच वेळात मासे पोट वर करून तरंगू लागतात आणि पोते भरून बाजारात जातात. हा गुन्हा आहे, आणि आजचा नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच पाण्यात विष टाकून मासे मारण्याला मनाई केली होती. त्याच डोहावर गुरे पाणी पितात, बाया धुणे धुतात.

इथेही आपल्या दीनचा एक मसला उपयोगी पडतो. हनफी फिकहनुसार जो मासा स्वतःहून मरून पाण्यावर उलटा तरंगत असेल, तो खाऊ नये. आपल्या भागात बहुतेक घरे हनफी आहेत, कोकणातले आपले बांधव बहुधा शाफई, त्यांच्याकडे मसला वेगळा आहे. पण सावधपणा म्हणून ही गोष्ट सर्वांनाच लागू पडते. मेलेला सापडलेला मासा कशाने मेला, हे आपल्याला माहीत नसते. मरळ आणि मागूर शक्यतो जिवंत घ्यावेत, ते पाण्याच्या टोपल्यात तासन् तास जिवंत राहतात. एकाच दिवशी एकाच पाटीवर लहान-मोठे सगळ्या जातींचे मासे स्वस्तात दिसले, तर कुठल्या डोहातले, हे विचारावे.

विक्रेता आपलाच आहे

हा लेख वाचून कुणी पाटीवाल्या मावशीशी किंवा हातगाडीवाल्या भाईशी भांडायला जाऊ नये. त्यातले बरेच जण स्वतः फसलेले असतात. घाऊक व्यापाऱ्याने पेटीवर जे नाव सांगितले, तेच ते पुढे सांगतात. दिवसाची कमाई दोन-तीनशे रुपये, मासा खराब झाला तर तीही बुडते. त्यांच्याकडे बर्फाला पैसे नसतात, सावलीला जागा नसते. बाजारात मासळीसाठी ओटा, पाणी आणि सावली मागणे हे विक्रेत्याचे आणि गिऱ्हाइकाचे दोघांचे काम आहे.

पण ज्याला माहीत आहे आणि तरी जो खोटे नाव सांगतो, त्याला दीनमध्ये सूट नाही. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. कुरआनातली सूरह मुतफ्फिफीन तर माप-तोलात खोट करणाऱ्यांवरच उतरली आहे. वजनात शंभर ग्रॅम मारणे आणि रूपचंदला पापलेट म्हणणे, यात आम्हाला फरक दिसत नाही. आपल्यातले अनेक तरुण आता हा व्यवसाय करत आहेत. त्यांनी पाटीवर खरे नाव आणि माल आल्याची तारीख खडूने लिहिली, तर सुरुवातीला दोन गिऱ्हाइके कमी होतील, पण नंतर सगळे गाव त्यांच्याकडे येईल. बरकत यालाच म्हणतात.

घरात आणि बाजारात काय करावे?

१. मासा शक्यतो अखंड घ्यावा आणि आपल्यासमोर कापून घ्यावा. कातडी काढलेले तुकडे घेताना नावावर भरवसा ठेवू नये.

२. तीन प्रश्न विचारावेत. मासा कोणता, कुठला, कधी आला? उत्तर देताना विक्रेता चाचरला तर पुढच्या पाटीकडे जावे.

३. डोळे फुगीर आणि स्वच्छ, मांस बोटाने दाबल्यावर वर येणारे, वास पाण्यासारखा. यातले एकही नसेल तर घेऊ नये. मांस रबरासारखे कडक असेल किंवा औषधासारखा उग्र वास येत असेल, तरीही घेऊ नये.

४. उन्हाळ्यात बांगडा आणि सुरमई उघड्या पाटीवरून घेऊ नये. बर्फाखाली गाडलेला असेल तरच घ्यावा आणि थेट घरी यावे. मासा पिशवीत ठेवून इतर बाजार करत फिरू नये.

५. अनोळखी मासा केवळ स्वस्त आहे म्हणून आणू नये. फुगलेले पोट, चोचीसारखे तोंड, खवल्यांऐवजी काटेरी किंवा खरखरीत कातडी असलेल्या माशाला हातही लावू नये.

६. सुकी मासळी ओलसर, चिकट किंवा औषधाचा वास असलेली नको. घरी आणल्यावर गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून द्यावे.

७. मासा खाल्ल्यावर ओठ बधिर झाले, जीभ जड झाली, श्वास लागला, तर लिंबू-मीठ, दम, घरगुती औषध यात वेळ घालवू नये. लगेच सरकारी किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. उरलेला मासा फेकू नये, डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावा. एकाच ताटातले किती जण आजारी आहेत, तेही सांगावे.

८. फसवणूक झाली तर गप्प बसू नये. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आणि राज्याचा मोफत दूरध्वनी १८००२२२३६५ आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार खोट्या नावाने अन्न विकल्यास तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शुल्क भरून नमुना तपासून घेण्याचा अधिकार साध्या ग्राहकालाही आहे.

भगिनींनो, बाजारातून पिशवी कुणीही आणो, चुलीपुढे आपणच असतो. ताटात काय वाढले, याची पहिली जबाबदारी आपल्यावर येते. मुलांना मासे ओळखायला शिकवा. कटला आणि रोहू यांतला फरक, मरळीचे सापासारखे डोके, रूपचंदचे दात, हे पाठ्यपुस्तकात नाही. पिशवी रिकामी करताना दाखवले तर मुलांना दोन मिनिटांत समजते आणि जन्मभर लक्षात राहते.

अल्लाहने पाण्यातले रिज्क आपल्यासाठी सोपे केले, त्यासाठी सुरीचीही अट ठेवली नाही. या सवलतीचा शुक्र अदा करायचा असेल, तर मटणाच्या दुकानात जेवढे प्रश्न विचारतो, तेवढेच पाटीसमोरही विचारले पाहिजेत. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल आणि तय्यिब रिज्क देवो. आमीन.